आधी सातबारा, मग विसार



प्रॉपर्टीत सुरुवात कशी करायची आणि चांगली डील कुठे शोधायची, यावर मला बोलायला सांगितलंय. मी चिखलीत राहतो, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. खरं सांगू? डील शोधावी लागत नाही. चाकणच्या रस्त्याला लागलात की 'एक गुंठा, सुलभ हप्ते, ताबा लगेच' असे बोर्ड स्वतःच तुम्हाला शोधत येतात. शोधावी लागते ती त्यातली खोट.

आमच्या घरातली चूक आधी सांगतो. अब्बांनी भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. निवृत्तीचे पैसे आले, तेव्हा चाकणजवळ दोन गुंठे घ्यायचे ठरले. एजंट ओळखीतला, नमाजला शेजारी उभा राहणारा. 'आपलाच माणूस आहे' म्हणून एक लाख विसार दिला, तोही रोख. कागद फक्त नोटरीचा. सातबारा मी नंतर काढला. त्यावर अकरा नावं होती, विकणारा त्यातला एक. बाकी दहा जणांना पत्ताच नव्हता. दोन वर्षं फेऱ्या मारून निम्मे पैसे परत मिळाले. मी टेस्ट केल्याशिवाय चार ओळींचा कोड पुढे पाठवत नाही, आणि अब्बांची कमाई न तपासता जाऊ दिली.

आता कायदा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये शासनाने किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं. अलीकडे शहरी झोनसाठी सवलती आल्यात, पण त्या तुमच्या गटाला लागू आहेत का, हे बोर्डवाल्याला नाही, वकिलाला विचारा. रजिस्ट्री होत नाही म्हणूनच नोटरी पुढे केली जाते. नोटरीने जमीन तुमची होत नाही.

मालकीचा कागद बरोबर असला तरी भागत नाही. १७ मे २०२५ ला आमच्याच चिखलीत, इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता, तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला. लोकांनी पैसे मोजून प्लॉट घेतले होते, घरं बांधली होती.

म्हणून विसार देण्याआधी चार कामं करा. महाभूलेखवर सातबारा बघा, फेरफारही तपासा. 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, कुळ, भूसंपादन, सगळं तिथेच सापडतं. महापालिका किंवा पीएमआरडीएकडून झोन दाखला घ्या आणि पूररेषा विचारा. आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा.

नव्या प्रकल्पात फ्लॅट घेताना महारेराचा नंबर तपासा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट, असं दोन्ही असेल तर नोंदणी सक्तीची आहे. करारनामा रजिस्टर होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. खर्चही आधीच धरा: आपल्या शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, महिलेच्या नावावर एक टक्का कमी, नोंदणी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटवर आणखी तीन लाखांच्या वर.

सुरुवात कशी करायची? एकच भाग निवडा. मोशी घ्या, कुरुळी घ्या. सहा महिने काहीही विकत घेऊ नका. दर रविवारी फिरा, भाडी विचारा, झालेल्या व्यवहारांचे दर वहीत लिहा. मग बोर्डवरचा भाव खरा की फुगवलेला, ते तुम्हालाच कळेल. मित्रांबरोबर भागीदारीत घेणार असाल तर प्रत्येकाचा हिस्सा लिहून, रजिस्टर करून घ्या. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं सूरह बकरामध्ये सांगितलेलंच आहे. कागद मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

शेवटचं एकच. आपल्या घरांत पैसा मोठ्यांकडे असतो आणि मोबाईल आपल्या हातात. पुढच्या वेळी अब्बा किंवा मामू म्हणतील, 'उद्या विसार द्यायचाय,' तेव्हा गट नंबर विचारा आणि त्याच रात्री सातबारा काढा. मला ते जमलं असतं. मी केलं नाही.