सगळ्याला 'चारा' म्हणू नका



मराठी पाट्यांसाठी, मराठी कागदपत्रांसाठी आपण भांडतो. भांडलंच पाहिजे. पण आज मी कुठल्याच पाटीवर न येणाऱ्या शब्दांबद्दल बोलणार आहे.

जोंधळा रानात उभा असतो तेव्हा त्याचं धाट. कणसं खुडून वाळवलं की कडबा. बांधला की पेंडी, रचला की गंजी. रानात मागं उरतं ते धसकट, अनवाणी चाललात तर पायात घुसणारं. खानापूरकडं भात, त्याचा पेंढा, आणि मोकळा विस्कटला की पिंजर. हरभऱ्याचं भुसकट, तुरीच्या तुरकाट्या. उसाचं तर बघा. हिरवा शेंडा म्हणजे वाढं, ते जनावराला. वाळका पाला म्हणजे पाचट. रस काढून उरतं ते चिपाड, ते गुऱ्हाळाच्या चुलाणात. नाव ऐकलं की वस्तू कुठं जाणार तेही कळतं.

आणि एक शब्द तर जीव वाचवणारा आहे: किराळ. ज्वारीचं कोवळं पीक, पाण्याचा ताण बसलेलं किंवा कापल्यावर परत फुटलेलं, जनावरानं खाल्लं तर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि जनावर तडफडून मरतं. म्हातारी माणसं एवढंच म्हणायची, "तिकडं सोडू नको, किराळ लागंल." ज्या पोराला हा शब्दच माहीत नाही, त्याला इशारा कसा कळणार?

शब्द का चाललेत? १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, तो बुटका. धाटच आखूड झालं. पुढं ऊस वाढला, मळणी यंत्रानं व्हायला लागली. काम गेलं, की कामाचा शब्दही जातो.

शेजारचा कन्नड शेतकरी कडब्याला कणिकी म्हणतो. बाजारात दोघांनाही दोन्ही शब्द कळतात. त्याच्याशी आपलं भांडण नाही. त्यानं त्याचा शब्द जपलाय, आपण आपला जपू.

राज्यघटनेचं कलम ३५०-अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल बोलतं. त्याच्या जोरावर शाळा मागता येते. पण शब्द सरकारकडं मागून मिळत नाहीत, ते घरातूनच घ्यावे लागतात.

म्हणून एक काम करा. या सुट्टीत आजी-आजोबांना गोठ्यात घेऊन जा, मोबाईल चालू करा आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारा, "याला काय म्हणत्यात?" शब्द, गाव आणि वापर, तिन्ही लिहून ठेवा. आणि उद्या घरी बोलताना त्यातला एक तरी शब्द वापरा.

जय महाराष्ट्र!