पायांखालचे गिरणगाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'मुंबईचा आर्थिक इतिहास' असा छापला आहे. विषय भारदस्त आहे आणि तो मी पस्तीस वर्षे वर्गात शिकवला, हेही खरे. परंतु आज मी बोलणार आहे ते पायी चालण्याविषयी. हा सेवानिवृत्त माणसाचा छंद आहे असे आपणांस वाटेल. छंद तो आहेच. पण त्याची सुरुवात माझ्या एका फजितीतून झाली, आणि ती प्रथम सांगितली पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी एम.ए.चा विद्यार्थी होतो. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मी राहत होतो उपनगरात. गिरणगाव मला ठाऊक होते ते लोकलच्या खिडकीतून. पुढल्या वर्षी मी अध्यापक झालो आणि औद्योगिक संबंधांचे प्रकरण शिकवताना फळ्यावर एक तक्ता काढला : संपामुळे वाया गेलेले मनुष्यदिवस. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मनुष्यदिवस वाया गेला म्हणजे नक्की कोणाचा गेला?" मी पाठ्यपुस्तकातील व्याख्या सांगितली. तो गप्प बसला. तास संपल्यावर मात्र जवळ येऊन म्हणाला, "एकदा आमच्याकडे या सर. डिलाईल रोडला."

मी गेलो. वडील संपकरी, साचेखात्यातले. खोलीत त्यांच्याशी बोलायला मी गेलो होतो, पण खरा धडा मिळाला तो मुलाच्या आईकडून. ती बाई खानावळ चालवीत असे. कोकणातून आलेले, बायकामुले गावी ठेवलेले दहाबारा पुरुष तिच्याकडे जेवत. ज्याची जशी पाळी तसे त्याचे ताट. पगार झाला की हिशेब चुकता. संप लागला आणि पगार थांबले. काही जण गावी गेले, उरलेले जेवतच राहिले. तिने वही माझ्यापुढे ठेवली. "मास्तर, तुम्ही हिशेबातले. बघा जरा," एवढेच ती म्हणाली. प्रत्येकाच्या नावापुढे बाकी वाढत गेली होती. आणि वाण्याकडे तिची स्वतःची बाकी. गळ्यात काळी पोत तेवढी होती.

माझ्या तक्त्यात या वहीला जागा नव्हती. त्या संपाला ज्यांनी महिनोन्‌महिने उधारीने पोसले त्या बायका अर्थशास्त्राच्या दृष्टीने कामगार नव्हत्या, भांडवलदार नव्हत्या, सावकार तर नव्हत्याच. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेचे कर्ज त्यांच्या दारी आणले, हे मला त्या दिवसानंतर कळले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ते आधी ठाऊक असावयास हवे होते.

तेव्हापासून मी रविवारी चालू लागलो. (रविवारची सुटी गिरणी कामगारांना १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने, त्याआधी ठराविक आठवडी सुटी नव्हती.)

माझा नेहमीचा मार्ग सातरस्त्यापासून सुरू होतो. तेथून जवळच आर्थर रोडचा तुरुंग. या रस्त्याचे आजचे नाव साने गुरुजी मार्ग. स्वातंत्र्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाचे नाव तुरुंगाच्याच रस्त्याला मिळावे, हा योग कोणी जुळवून आणला असेल असे वाटत नाही. हाच रस्ता धरून पश्चिमेला गेले की ताडदेव येते. तेथे कावसजी दावर यांच्या गिरणीने १८५६ साली सूत काढावयास सुरुवात केली. मुंबईची ही पहिली कापडगिरणी.

आपण मात्र उत्तरेकडे, ना. म. जोशी मार्गाने जाऊ. हाच जुना डिलाईल रोड. जोशी हे सोशल सर्व्हिस लीगचे आणि पुढे आयटकचे संस्थापक. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर बी.डी.डी. चाळी आहेत, हे उचितच म्हटले पाहिजे. प्लेगच्या १८९६ च्या साथीनंतर सरकारला कामगारवस्तीची आठवण झाली आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानेही चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षे राहिले. बी.डी.डी. चाळी नंतरच्या, १९२० च्या दशकातल्या. त्यांच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला होता. म्हणजे ज्या कापसाने माणसे येथे ओढून आणली, त्याच कापसाने त्यांच्या डोक्यावर छप्पर घातले. छप्पर तरी केवढे? एकशे साठ चौरस फुटांची खोली, कोपऱ्यात मोरी, संडास सामाईक.

येथे एक इशारा दिला पाहिजे. चाळीविषयी गहिवरून बोलण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि ती बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनी पाडली आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मला त्याचा आनंद आहे. सामाईक संडासापुढील रांगेत संस्कृती शोधणाऱ्यांनी त्या रांगेत एकदा उभे राहावे.

लोअर परळचा पूल ओलांडला की सेनापती बापट मार्ग लागतो. मित्रहो, या रस्त्यावर मी नेहमी थोडा थांबतो. बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले मुळशीच्या सत्याग्रहात. १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध तो सुरू केला. धरणाने मोठ्या प्रकल्पासाठी घर-जमीन गमावणाऱ्यांचा आपल्या देशातील हा पहिल्या लढ्यांपैकी एक. सत्याग्रह मोडला, धरण झाले, गावे बुडाली. मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिरा येथे पडते, तेथे वीज होते आणि ती मुंबईला येते. मुंबईच्या गिरण्या अशा विजेवर चालल्या. बापटांच्या नावाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळीने गिरण्या होत्या! शेतकऱ्याच्या बुडालेल्या शेतातून निघालेली तार कामगाराच्या साच्यापर्यंत येत होती, आणि शेतकरी व कामगार हे पुष्कळदा एकाच घरचे भाऊ होते. शेतकरी-कामगार ऐक्यावर मी अनेक ठराव ऐकले आहेत, दोनचार लिहिलेही आहेत. त्या ठरावांत ही तार आल्याचे मला आठवत नाही. रस्त्याच्या पाटीवर मात्र ती आहे.

याच रस्त्यावर फिनिक्स गिरणीचे धुराडे आजही उभे आहे. त्याच्या पायथ्याशी दुकाने आहेत. तरुण मुले तेथे छायाचित्रे काढतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

या जमिनीचे काय झाले, हे आपणांपैकी ज्येष्ठांना ठाऊक आहे. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीची जागा विकसित करावयाची तर ढोबळपणे एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असे ठरले होते. २००१ साली नियम बदलला : वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेची, गिरणीची इमारत पाडून जी मोकळी होईल तिची नाही. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जागा असते तरी किती? एका शब्दाच्या अर्थावर शहराची मैदाने गेली. उच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरात नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

हा बदल कागदावर वाचला तेव्हा मला तो समजला. मात्र तो जाणवला एलफिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर. पूल जुना, अरुंद. भोवती गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, रोज हजारो नवी माणसे तेथे उतरू लागली, पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात त्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मेली. नंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधविला गेला. तो काही महिन्यांत पुरा झाला. ज्यांनी या जमिनीचे चटईक्षेत्र मोजले त्यांनी तेथून चालणारे पाय मोजले नव्हते. मी त्या घटनेच्या आधी कितीदा तरी त्या जिन्यावर अडकलो होतो, चडफडलो होतो, आणि घरी जाऊन विसरलो होतो. एक अर्ज लिहिला नाही. पायी चालणे म्हणजे आपोआप काही केल्यासारखे होते, असा माझा दावा नाही.

आता घरांविषयी. गिरणी कामगार व त्यांचे वारस यांचे घरांसाठीचे अर्ज दीड लाखांहून अधिक आहेत. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. नंतरही काही निघाली. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी दाखविली जात आहेत. नकाशावर ती मुंबईच्या आसपासच दिसतात. माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील भोंगा झाल्यावर घरातून निघत आणि गेट बंद होण्याआधी खात्यात पोचत. करी रोडहून वांगणीला कर्जतच्या गाडीने सव्वा-दीड तास लागतो, उभ्याने. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या म्हाताऱ्या कामगारांनी या घरांना नकार दिला, तेव्हा 'फुकटात मिळते तेही नको' असे म्हणणारे लोक मला भेटले. त्यांना मी दुसरे काही सांगितले नाही; रविवारी माझ्याबरोबर चला, एवढेच म्हणालो. एक जण आला.

कार्यकर्त्यांकडे माझी मागणी मोठी नाही. आपापल्या विभागात दोन तास चाला. रस्त्यांच्या पाट्या वाचा, जुनी नावे विचारा, गेट कोठे होते ते विचारा. विचारताना पुरुषांना विचारालच, स्वयंपाकघराकडेही वळा. मोर्चाचा मार्ग तर आधी चालून पाहाच. आमच्या वेळी एकदा तो नुसत्या नकाशावरून आखला आणि सगळा मोर्चा खोदलेल्या गटारापाशी येऊन थांबला.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी सातरस्त्याला असेन. पाणी बरोबर आणा. गुडघ्यांमुळे माझी चाल आता सावकाश आहे, तेव्हा दुपारच्या कामांना थोडा उशीर होईल असे धरूनच या.