बिनकामाची सायकल

(सोलापुरात कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दोन दिवस आपण पोटगीचा दावा, घरातली मारहाण, रेशनकार्ड, विडी कामगार बायांचा प्रॉव्हिडंट फंड अशा विषयांवर बोललो. शेवटच्या सत्रात माझ्या वाट्याला 'सायकल' आली आहे. मघाशी चहाच्या वेळी एकीने मला विचारलंच, "ताई, एवढे प्रश्न पडलेले असताना सायकलीवर काय बोलणार तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

मी सायकल चालवते. कामाला जाण्यासाठी नाही, कामाला मी स्कूटीवर जाते. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी साडेपाचला मी नुसती सायकल चालवायला बाहेर पडते. माझी सायकल रुंद, खरबरीत टायरची, गिअरची आहे. दुकानात तिला माउंटन बाईक म्हणतात. शेजारचे काका मला चिडवतात, "सोलापुरात डोंगर कुठाय ओ?" डोंगर नाही, पण माळ आहे. मुरमाचे कच्चे रस्ते आहेत, शेताच्या कडेच्या गाडीवाटा आहेत, खड्डे तर विचारूच नका. अशा ठिकाणी ही सायकल बरी पडते.

रोजची फेरी छोटी असते. विजापूर रोडने कंबर तलावापर्यंत जायचं, थोडं पुढे जाऊन परत यायचं, सातच्या आत घरात. रविवारी जरा लांब, तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत. इंग्रजांच्या काळात बांधलेला हा एकरुखचा तलाव सोलापूरला पाणी देतो, पण बांधावर निवांत बसून तो पाहिलेल्या बाया आपल्यात किती? थंडीत एकदा बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला गेलो. तिथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण काळविटांचा कळप रस्त्यालगत उभा होता. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत परतावंच लागतं. आणि पाणी सुटायच्या दिवशी सायकल बंद. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी घरातल्या बाईने नळापाशी असलं पाहिजे, हा नियम माझ्या घरातही अजून मोडलेला नाही. हेही प्रामाणिकपणे सांगते.

आता मुद्द्यावर येते. सुरुवातीला गल्लीतलं कुणी ना कुणी विचारायचं, "कुठं निघालात ओ एवढ्या सकाळी?" साधा प्रश्न आहे. पण पहिले दोन-तीन महिने मी या प्रश्नाला खरं उत्तर दिलं नाही. कधी म्हणायची, दूध आणायला. कधी म्हणायची, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. मला कुठल्याही डॉक्टरांनी काही सांगितलेलं नव्हतं! समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, दहा वर्षं बायांना 'तुमचा हक्क आहे' असं सांगत हिंडणारी मी, आणि 'फिरायला चाललेय' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते.

का निघत नव्हते? मी पुष्कळ विचार केला. बाईने घराबाहेर पडायचं तर तिच्याकडे काम हवं, हे आपल्यात फार खोल मुरलेलं आहे. दळण, भाजी, दवाखाना, मुलांची शाळा, देवदर्शन, नोकरी, नाहीतर माहेर. यातलं एकही कारण नसेल तर ती 'भटकते'. पुरुष भटकला तर तो फिरून येतो. पानपट्टीवर, कट्ट्यावर तासभर उभ्या राहिलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही की तू इथे कशाला आलास.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना विचारलं होतं की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर तुम्हाला एकटीने जाऊ देतात का. तिन्ही ठिकाणी एकटीने जाऊ शकणाऱ्या स्त्रिया देशभरात ४२ टक्केच निघाल्या. हा आकडा वाईट आहेच. पण माझं लक्ष यादीकडे गेलं. तिच्यात 'फिरायला' असं वेगळं ठिकाण नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या अभ्यासावरून २०११ साली 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईच्या फक्त सुरक्षिततेबद्दल बोललं की ते तिला घरात बसवण्याशी जाऊन थांबतं. म्हणून कामाशिवाय बाहेर रेंगाळण्याचा हक्कच मागितला पाहिजे. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हे मुंबईचं आहे. सायकल चालवायला लागल्यावर कळलं, हे विजापूर रोडचंही आहे.

सायकल आणि मुलगी यांचं नातं सरकारलाही मान्य आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. या योजना चांगल्याच आहेत. पण शाळा संपली की त्या सायकलीचं काय होतं? गृहभेटींमध्ये मी पाहिलंय. ती धाकट्या भावाकडे जाते, नाहीतर गोठ्यात गंजते. कारण ती मुलीला मिळालेली नसते, तिच्या शाळेला मिळालेली असते. काम संपलं, सायकल संपली. माझंही तसंच झालं. आठवीत शाळा लांब म्हणून सायकल मिळाली, बारावीनंतर गेली. मध्ये पंधरा वर्षं मी सायकलला हात लावला नाही.

दुसरीकडे आपण विक्रम करणाऱ्या मुलींचं कौतुक करतो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली १५९ दिवसांत सायकलवरून जगाला फेरी मारली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण विक्रम हेही एक मोठं कामच झालं. माझ्यासारखी, वेग नसलेली, पदक न मिळवणारी, चाळिशीकडे झुकलेली बाई हिप्परग्याला जाऊन शेंगा खाऊन परत येते, तिची बातमी होत नाही. होऊ नये. ती इतकी साधी गोष्ट व्हावी की कुणी वळूनही बघू नये, असं मला वाटतं.

१९९० नंतरची तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची हकीकत तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. साक्षरता मोहिमेबरोबर तिथे बायांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांवर बाया सायकली घेऊन रस्त्यावर आल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. लेडीज सायकली पुरेनात म्हणून बायांनी दांडीच्या जेंट्स सायकली घेतल्या, आणि मग त्याच बऱ्या वाटायला लागल्या, कारण दांडीवर मूल बसवता येतं. शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. म्हणजे सायकल हे सुखवस्तू बाईचं खूळ आहे असं समजायचं कारण नाही.

माउंटन बाईकचा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर सुरू झाला. जुन्या सायकलींना जाड टायर लावून धडाधड खाली उतरणारे बहुतेक पुरुषच होते. पुढे १९८० च्या दशकात जॅकी फेलन या राष्ट्रीय विजेत्या बाईने स्त्रियांची वेगळी मंडळी काढली. नावातच सायकल आणि चहा दोन्ही ठेवले. पुरुषांच्या घोळक्यात जो मागे पडतो तो ओशाळतो. इथे मागे पडलेलीसाठी थांबायचं आणि चहा प्यायचा. आपल्या बचत गटाच्या बाईला हे लगेच कळेल.

आम्हीही पाचजणी जमलो. एक नर्स, एक शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, मी, आणि विडी वळणारी एक मैत्रीण. तिचं नाव सांगत नाही. तिच्याविषयी बोलल्याशिवाय मात्र हे भाषण पुरं होणार नाही.

ती रोज हजार विड्या वळते. पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं, मग कारखान्यात नेऊन द्यायच्या. छाटात गेलेल्या विड्यांचा तोटा तिचाच. कंबर धरलेली, बोटं काळी. ती पहिल्यांदा म्हणाली, "ताई, हजार विड्या वळून परत पाय कशाला दुखवू?" मी गप्प बसले. पण एका रविवारी ती आपणहून मैदानावर आली. साडीचा काचा मारला आणि माझ्या सायकलीवर चढली. दोनदा पडली. एक म्हातारी तिथे म्हणाली, सायकलने गर्भाशय खाली येतं. आमच्या नर्सबाईंनी तिला शांतपणे समजावलं की तसं काही नसतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातले डॉक्टरसुद्धा बायांना असंच घाबरवायचे, सायकलने चेहरा बिघडतो म्हणायचे. ही भीती फार जुनी आहे.

सहा रविवार ती आली. सहाव्या रविवारी तिने स्वतः पंक्चर काढलं. आपल्या माळावर सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे पावलोपावली. ट्यूब काढून पाण्यात बुडवायची, बुडबुडे बघायचे, घासायचं, सोल्यूशन लावायचं, ठिगळ दाबायचं. विडीच्या दोऱ्याला सवयलेले हात, आमच्या सगळ्यांपेक्षा झटपट काम झालं तिचं.

सातव्या रविवारी ती आली नाही. मी घरी गेले. तिच्या थोरल्या मुलाला कुणी नाक्यावर म्हणालं होतं, "तुझी आई बरी हिंडते रे." मुलगा अठरा वर्षांचा. नवऱ्याने सुद्धा इतकं मनाला लावून घेतलं नव्हतं. मी त्याच्याशी बोलले, उपयोग झाला नाही. निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "मला कुठं जायचं नव्हतं ओ ताई. नुसतं जायचं होतं."

ती अजून आलेली नाही. ही यशाची गोष्ट नाही, हे मुद्दाम सांगते. आपल्या अहवालांत यशच फार असतं.

त्या रात्री मी आमच्या केंद्राची नोंदवही काढून पाहिली. तिच्या नावापुढे सगळं होतं: मजुरी, मारहाण, कर्ज, मुलांची शाळा, रक्तातलं लोह. तिला मोकळा वेळ किती मिळतो, त्यात तिला काय करावंसं वाटतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. हा आकडा आपण भाषणात वापरतो. पण वाचलेल्या वेळावर बाईचा हक्क आहे असं आपण तरी मानतो का? की तो वेळही प्रशिक्षणात, मोर्चात, बचत गटाच्या मीटिंगमध्ये लागावा असं आपल्याला वाटतं? सासूबाई मला म्हणतात, "एवढी दमून येतेस, परत कशाला दमतेस?" त्या प्रेमाने म्हणतात. पण आपली संघटनाही बाईला तेच म्हणत असेल तर विचार करायला हवा.

आणि भीतीबद्दल. हो, भीती वाटते. दोन पोरं मोटारसायकलवरून माझ्या मागे मागे आली होती, हॉर्न वाजवत. त्यानंतर दोन महिने मी तो रस्ता सोडला. परत गेले ती एकटी नाही, दोघी-तिघींबरोबर. तेव्हा भीतीवर उपाय घरात बसणं नाही. बाया जितक्या जास्त दिसतील तितका रस्ता आपला होईल. पण नुसत्या धीराने भागत नाही. पहाटे रस्त्यावरचे दिवे चालू हवेत, तलावापाशी, बागेपाशी बायांसाठी स्वच्छ मुतारी हवी. या मागण्या आपल्या निवेदनात पाण्याच्या आणि रेशनच्या शेजारी लिहायला लाजू नका.

तीन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक केंद्राने जुन्या दोन सायकली घ्याव्यात. गिअरच्या नकोत, साध्या चालतील. कुठलीही बाई कारण न सांगता तासभर नेईल. दोन, पंक्चर काढायला सगळ्यांनी शिकावं. तीन, गृहभेटीत एक प्रश्न वाढवावा: या आठवड्यात स्वतःसाठी बाहेर पडलात का? आणि जमल्यास तो प्रश्न मुलांसमोर, नवऱ्यासमोर विचारावा, म्हणजे त्यांनाही तो ऐकू येईल. त्या अठरा वर्षांच्या मुलाशी मी सातव्या रविवारी बोलले, पहिल्याच रविवारी बोलायला हवं होतं. ही माझी चूक तुम्ही करू नका.

उद्या रविवार. सकाळी सहाला आम्ही कंबर तलावापाशी जमणार आहोत. सायकल नसेल तर चालत या. वाटेत कुणी विचारलं, कुठं निघालात, तर दूध, दवाखाना, देऊळ काही सांगू नका. फिरायला निघालेय, असं सांगा.