एक कोयता, दोन माणसं



आकाशवाणीनं मला ‘वाढती वेतनविषमता’ या विषयावर बोलायला सांगितलंय. त्यासाठी लांब जायला नको. गळीत हंगामात कृष्णाकाठच्या कुठल्याही साखर कारखान्यावर जा. कायम कामगाराचा पगार त्रिपक्षीय समितीत ठरतो. त्याच्या शेजारचा कंत्राटी पोरगा तेच काम बऱ्याच कमी पैशांत करतो. आणि ज्यांच्यावाचून गव्हाणीत एक कांडं पडत नाही, ते ऊसतोडणीवाले या दोघांच्याही खाली.

तोडणीवाल्यांबद्दलच बोलतो. ते बीडहून येतात, तसे आपल्या जत-आटपाडीतूनही येतात. सांगली जिल्हा एकच, पण एकाच्या रानात पाणी, दुसऱ्याच्या हातात कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. जोडप्यानं पहाटेपासून राबून दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली, तर हातात ७३२ रुपये. दोघांत मिळून बरं का, दोघांत मिळून!

कारण हिशेबात नवरा-बायको म्हणजे एकच कोयता. बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, पण हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर. रात्री कोपीवर येऊन ती भाकरी थापते, ते काम तर कुठल्याच वहीत नाही. आजारी पडली की खाडा. पुन्हा सांगतो, काम पुरं, पण वहीत नाव नाही.

आणि आपण बागायतदार? टोळीनं ‘खुशाली’ म्हणून वरचे पैसे मागितले की पारावर बसून त्यांनाच नावं ठेवतो. तोडणीचा खर्च आपल्याच उसाच्या पैशातून जातो, तेव्हा खुशालीचा राग येणारच. पण तोडणीचा दर कसा ठरला, हे आपल्यातल्या कितीजणांनी कधी विचारलं?

वेळ संपत आली, म्हणून एवढंच सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याच्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या हमालांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. त्या हमालांत कितीतरी आपल्या साताऱ्याचे होते. हमालीत जे झालं, ते उसाच्या फडात का होऊ नये?

तुम्ही सभासद आहात. कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहा आणि विचारा, तोडणाऱ्या बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात कधीपासून जमा होणार? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.