समोरचा संघ

(मंडळाच्या गणेशोत्सवात शालेय क्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



बक्षिसे वाटण्याआधी चार शब्द बोला, असा मंडळाचा हुकूम झाला. मुलांचे डोळे मेजावरच्या ढालीकडे लागले आहेत, हे आम्हाला दिसते आहे. तेव्हा लांबण लावत नाही.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. हळर्णचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला. त्या विजयाबद्दल तेव्हाच्या व्हाइसरॉयला मोठा किताब मिळाला. कोणता? ‘हळर्णचा मार्क्विस’. म्हणजे पाहा, जिंकणारा समुद्रापलीकडचा, पण त्याच्या मानाला नाव लागले ते आपल्या हरलेल्या गावाचे. खेळातही असेच असते. समोर कोणी उभा राहिला म्हणून आपण जिंकलो. समोरच्याचे नाव पुसले तर आपल्या विजयात उरते काय?

किल्ल्याजवळून वाहणारी शापोरा पुढे शिवोलीवरून समुद्राला मिळते. त्याच शिवोलीत १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्यांनी मुलांच्या पायात फुटबॉल दिला, आणि गोव्यात हा खेळ आला असे मानतात. पुढे हडफडे येथे त्यांनी काढलेल्या सेंट जोसेफ शाळेत तो रुजला. खेळ हा शिक्षणाचाच भाग, अशी त्यांची धारणा होती. म्हणजे गोव्यात फुटबॉल आला तो शाळेच्या दारातून, शिस्त आणि सोबत शिकवायला. ढाली आणि चषक नंतरचे.

शाळाशाळांमधली चुरस पाहावी ती मुंबईच्या हॅरिस ढालीत. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर सर जन्माने आपल्या शेजारच्या मालवणचे. हे सगळे तुम्हाला पाठ आहे. आता सांगा, समोर गोलंदाजी कोण करत होते? सेंट झेवियर्स हायस्कूलची तुमच्याच वयाची मुले. त्यांत साईराज बहुतुले नावाचा मुलगा होता. त्याने २७ षटके टाकली, १८२ धावा दिल्या, एकही बळी मिळाला नाही. तो मुलगा पुढे भारताकडून कसोटी खेळला. त्या दिवशी त्याने मान खाली घालून मैदान सोडले असते तर?

दुसरी गोष्ट अलीकडची. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरची मुले नवखी, त्यांचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. प्रणवचे काम धावा करण्याचे, ते त्याने चोख केले. पण डाव कधी थांबवायचा, कोणापुढे कोणाला उभे करायचे, हे मुले ठरवत नाहीत. ते मैदानाबाहेरच्या खुर्च्यांवर बसलेली मोठी माणसे ठरवतात. आणि त्या खुर्च्यांवर आज आम्ही बसतो. म्हणून पुढची गोष्ट आम्हाला सांगावी लागते आहे.

शाळेत असताना आमच्या संघाने तालुक्याचा फुटबॉल चषक जिंकला होता. शाळेचे नाव घेत नाही. तेव्हाही तालुक्यातली बरीचशी हायस्कुले खासगी संस्थांचीच, आणि चषकाचा फोटो नोटीस बोर्डावर लागला की संस्थेची मान उंच होई. आमच्या संघात एक थोराड मुलगा होता. तो वयोमर्यादा ओलांडून गेलेला. त्याला धाकट्या भावाच्या जन्मदाखल्यावर उतरवले होते. आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. मोठ्यांपैकी कोणाला ठाऊक होते, हे आम्ही कधी विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर मिळाले असते. अंतिम सामन्यातले दोन्ही गोल त्यानेच केले. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन मिरवले.

पुढे आम्ही सरकारी खात्यात लागलो. दाखला खरा की खोटा हे तपासून कागद पुढे सरकवणे, हेच रोजचे काम. एके दिवशी एक गृहस्थ दाखल्यासाठी आले. थोडा वेळ पाहत राहिले आणि हसले. त्या अंतिम सामन्यातले समोरच्या संघाचे गोलरक्षक! चहा झाला. कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, “तुमचो तो थोरलो... आमकां खबर आशिल्लें.”

आम्ही विचारले, “मग तक्रार का नाही केली?”

ते म्हणाले, “तक्रार केली असती तर सामनाच रद्द झाला असता. आम्हाला खेळायचे होते.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून आम्हाला ते जास्त लागले. त्या मुलांनी खेळ वाचवला होता आणि आम्ही फक्त चषक नेला होता. त्या दिवशी त्यांचा कागद तपासताना हात थोडा थांबला, हे कबूल करतो.

पालकांनो, परवाच्या सामन्यात रेषेबाहेरून काही आरोळ्या आल्या. पंचांना, समोरच्या मुलांना. त्या मुलांच्या घरीही माटोळी बांधलेली आहे, त्यांची आईही नेवऱ्या करून वाट पाहत असेल. शेजारच्या गावचा संघ आपल्या मैदानावर येतो तेव्हा तो चवथीच्या पाहुण्यासारखा असतो. पाहुण्याला कोणी दारात शिव्या देतो का?

म्हणून मंडळाने या वर्षापासून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. सामन्याआधी दोन्ही संघांच्या खेळाडूंचे दाखले दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून पाहायचे. पाच गोलांची आघाडी झाली की राखीव मुलांना मैदानात उतरवायचे, म्हणजे बाकावर बसणाऱ्यालाही खेळायला मिळेल. आणि बक्षीस समारंभात व्यासपीठावर आधी बोलवायचे ते उपविजेत्या संघाला. ढालीवरही दोन्ही शाळांची नावे कोरली आहेत, ती जवळ येऊन पाहा.

आमच्या त्या जुन्या चषकाचेही एक काम राहिले आहे. विसर्जन झाले की आम्ही तेव्हाचे सवंगडी मिळून त्या दुसऱ्या शाळेत जाणार आहोत आणि तिथल्या मुलांसमोर खरे काय घडले ते सांगणार आहोत. उशीर झाला आहे. पण आज इथे बोलून तिथे गप्प राहणे आम्हाला जमणार नाही.

बालमित्रांनो, जिंकायला जरूर खेळा. जीव तोडून खेळा. चुरस नसेल तर खेळाला चव नाही. फक्त शिट्टी वाजली की समोरच्याचा हात हातात घ्या आणि त्याचे नाव विचारून घ्या. वीस-पंचवीस वर्षांनी तो कुठे भेटेल, सांगता येत नाही. तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा देता यावा, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.

आता उपविजेत्या संघाने व्यासपीठावर यावे. टाळ्या जोरात होऊ द्या.

गणपती बाप्पा मोरया!