कल्याण बंदर आणि त्याचे कारागीर



ग्रीक व रोमन नगरांचे अवशेष या विषयावर बोलण्यासाठी चिटणिसांनी आम्हांस बोलावले, तेव्हा घरच्यांनीच प्रथम विचारले की, पगारवाढ आणि बोनस यांखेरीज तुम्हांला दुसरे येते काय? शंका रास्त होती. आम्ही अथेन्स पाहिलेले नाही, रोमही नाही. शाळा सातवीला सुटली. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात झाले. तेव्हा पाँपेईच्या रस्त्यांचे वर्णन आमच्याकडून अपेक्षू नये. ज्या गावी त्या लोकांची जहाजे लागत, त्या आपल्या कल्याणविषयीच आम्ही बोलणार आहोत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ते पुस्तक प्रसिद्ध आहे; कर्त्याचे नाव त्यावर नाही. गृहस्थ पंडित नव्हे, मालाचा जाणकार. इटलीची दारू कोठे खपते, तांबे, कथील, शिसे कोठे उतरवावे, जुलैच्या वाऱ्यावर कसे निघावे, हे त्याला ठाऊक. त्यात सोपारा येते आणि कल्याणही येते. तो सांगतो की, पूर्वी सातवाहनांच्या अमलात कल्याण हे रीतसर बंदर होते. पुढे दुसऱ्या सत्ताधीशाच्या हाती गेल्यावर व्यापार अडला, आणि येथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा धोका उत्पन्न झाला.

म्हणजे नाकेबंदीच की! धक्का बंद पडला की काय होते, हे आम्हा कामगारांना सांगायला नको. त्या दिवसांत कल्याणच्या हमालांनी आणि तांडेलांनी काय खाल्ले, ते मात्र पुस्तकात नाही. लिहिणारा व्यापारी होता. त्याचा हिशेब जहाजापाशी संपतो.

हमालाचा पत्ता लागत नाही, पण कारागिराचा लागतो. ठाण्याहून येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या माणसांची दाने आहेत. सोनार स्वामिदत्ताने पाण्याची पोढी दिली. नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोनाराजवळ पैसा असेल, समजू शकते. पण लोहाराने? भात्यापाशी दिवस काढणाऱ्या माणसाने वाट द्यावी आणि दगडात आपल्या नावाबरोबर आपला धंदाही कोरवावा, हे वाचले त्या रात्री आम्हांला नीट झोप आली नाही. आमच्या कारखान्यांच्या कोनशिलांवर आम्ही किती लोहारांची नावे पाहिली आहेत?

नाशिकच्या लेण्यांत तर याहून मोठी गोष्ट आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. राजाचा जावई, आणि विश्वास विणकरांच्या संघटनेवर! (आमच्या खजिनदारांनी हे ऐकून ठेवावे.)

आणि ते यवन नुसते माल उतरवून गेले असेही नाही. कार्ल्याच्या चैत्यातील कित्येक खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, तर चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. परमुलखातून आलेल्या माणसाला दान म्हणून जेवणघर सुचावे, यात आम्हांला फार मोठे शहाणपण दिसते.

सोपाऱ्याचे नशीब बरे. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक निघाले, सोन्याची फुले निघाली, यज्ञश्री सातकर्णीचे नाणे निघाले. गावकरी त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्याला राजा करणारे गाव आम्हांला आवडते.

कल्याणला मात्र गावावर गाव बसत गेले. जुने कल्याण आजच्या घरांच्या पायाखाली आहे, आणि तो पाया खणतात आमचीच माणसे. काही वर्षांपूर्वी खाडीकडच्या भागात एका इमारतीचा खड्डा चालला होता. दुपारी एक गडी युनियनच्या कचेरीत आला, "भाऊ, हे काय निघालं बघा." हातात मडक्याचा जाड कान. आम्ही जाऊन पाहिले तर खापऱ्यांचा थर, विटा, राख. वर काँक्रीटची तयारी झालेली. काम बंद पाडणे आम्हांला येते; आयुष्यभर तेच केले. पण माणसे रोजंदारीवरची. खाडा झाला की चूल बंद, आणि कंत्राटदार दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी आणणार. आम्ही दोन ठिकाणी फोन केले, सोमवारी या असे उत्तर मिळाले. तो शुक्रवार होता. आम्ही काम बंद पाडले नाही. शनिवारी खड्डा भरला.

बरोबर केले की चूक, याचा निवाडा आमच्याच कमिटीत आजवर झालेला नाही. तो गडी म्हणतो, "भाऊ, तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही थांबलो असतो." त्याने असे म्हटले नसते तर बरे झाले असते.

तो मडक्याचा कान आम्ही बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हातात घेऊन पाहायचा असेल, त्यांनी पुढे यावे.