खाल्ल्या मिठाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला एक सामान्य शाळामास्तर. विद्वत्तापूर्ण व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. तथापि ‘मालक व नोकर यांतील इमान’ हा विषय कार्यकारिणीने मजवर सोपविला, तो मी आनंदाने स्वीकारला. कारण या विषयाचे धडे मला घरातच मिळाले.

माझे वडील मुंबईच्या गिरणगावात एका गिरणीच्या साचेखात्यात होते. पहिली सहा वर्षे बदली कामगार म्हणून रोज सकाळी दारात उभे राहण्यात गेली. जॉबरने हाक मारली तर काम, नाही तर माघारी. पुढे ते कायम झाले. एकूण बत्तीस वर्षांच्या नोकरीत ते गिरणीला सदैव ‘आमची गिरणी’ म्हणत. तापाने अंग फणफणले असतानाही भोंगा झाला की ते उठून बसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. बोनस, पगारवाढ, बदली कामगारांची कायम नेमणूक अशा मागण्या होत्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत वडीलही होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. दीड वर्षाने वडील दारात गेले, तेव्हा त्यांचे नाव पटावर नव्हते. देण्याचा निकाल लागावयास अकरा वर्षे गेली आणि हाती रक्कम आली ती अर्धीमुर्धी. तोपर्यंत घर माझ्या मास्तरकीवर चालले. गिरणीचा पास मात्र वडिलांनी अखेरपर्यंत देव्हाऱ्यात जपून ठेवला होता.

‘पूर्वी इमान होते, आता राहिले नाही,’ असे आपण सहज म्हणतो. हे पूर्णपणे खरे नाही. जुन्या गिरण्यांतून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. ज्या मालकाचे तोंडही कामगाराने कधी पाहिले नाही, त्याच्याशी कसले इमान? कामगाराची बांधिलकी असे ती जॉबरशी. कारण भाकरी त्याच्या हाती होती.

याउलट उदाहरणेही आपल्या डोळ्यांपुढे आहेत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तेथे जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकातच कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा देशात झाला तो १९५२ साली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर वसाहत वसविली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही पहाऱ्याचे काम सोपविले. मालकाने आधी विश्वास टाकला, मग इमान उपजले. टाळी एका हाताने वाजत नाही.

आता आजचे पाहू. माझ्या चिरंजीवाने पुण्यात दहा वर्षांत चार नोकऱ्या बदलल्या. मी एकदा रागावून म्हणालो, ‘‘अरे, खाल्ल्या मिठाला जागावे माणसाने!’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘अण्णा, आजोबांच्या मिठाचा हिशेब तुम्हीच मला सांगितला होता. परवा माझ्या शेजारी बसणाऱ्याचा संगणक सकाळी उघडेना, तेव्हा त्याला कळले की नोकरी गेली.’’ मजपाशी उत्तर नव्हते. मात्र एवढे मी त्यास विचारले, ‘‘हातातले काम पुरे करून, पुढच्या माणसास समजावून निघतोस ना?’’ तो ‘होय’ म्हणाला. तेवढ्याने माझे समाधान झाले. माणसाने धन्याशी जन्माची गाठ बांधावी असा काळ राहिला नाही; पण कामाशी आणि दिल्या शब्दाशी असलेले इमान कोणत्याही काळी सुटता कामा नये.

आता दोन शब्द कडू लागतील, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या ज्ञातीत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर उपदान देण्याची जबाबदारी मालकांवर आली. ती टाळण्यासाठी पाच वर्षे भरण्याआधी कागदावर सेवेत खंड दाखविण्याची युक्ती आपल्यातील कोणी करीत असेल, तर त्याने ‘हल्ली माणसे टिकत नाहीत’ ही तक्रार करू नये. तरुणांनीही काम शिकून, एका शब्दानेही न कळविता दुसरीकडे जाऊ नये.

आणि परगृही कशाला जावे? आपण बसलो आहोत त्या खुर्च्या आज पहाटे ज्याने मांडल्या, तो आपल्या मंडळाचा शिपाई. चौदा वर्षे तो या सभागृहाचे कुलूप उघडतो आहे. त्याच्या म्हातारपणासाठी मंडळाच्या दप्तरी एका रुपयाचीही तरतूद नाही. मी स्वतः चार वर्षे कार्यकारिणीत होतो, हा दोष माझाही आहे. या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत त्याच्या नावे निधी उघडण्याचा ठराव मी मांडणार आहे व माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम त्यात देणार आहे. आपण त्यास अनुमोदन द्यावे, एवढीच नम्र विनंती.